सकाळच्या पहिल्या स्टार्टला धूर येतो: इंजिन खोलायच्या आधी काय काय बघावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. पेट्रोल गाडी, वय पंधरा वर्षांच्या पुढे, रनिंग सव्वादोन लाख किलोमीटरच्या वर. रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ मारताच सायलेन्सरमधून निळसर-पांढरा धूर भसकन येतो, अर्ध्या मिनिटात थांबतो आणि मग दिवसभर काही दिसत नाही. पिकअप ठीक, अ‍ॅव्हरेज ठीक. एक मेकॅनिक म्हणतो, ‘रिंगा (पिस्टनभोवतीची धातूची कडी) गेल्या, इंजिन खोलावं लागेल.’ दुसरा म्हणतो, ‘जाड ऑइल टाका आणि चालवत राहा.’ ऐकायचं कोणाचं?

आज तरी दोघांचंही नको. दोघांनी धूर बघितला आणि उपाय सांगितला. मधे मोजमाप कुणीच केलेलं नाही. तुम्ही दिलेल्या वर्णनावरून माझा पहिला संशय वॉल्व्ह सीलवर आहे, पण संशयावर पाने हातात घ्यायचे नसतात. खाली सांगतो त्यातली बरीचशी तपासणी तुम्हाला घरच्या घरी करता येईल, आणि ती केल्यावर मेकॅनिककडे गेलात तर बोलणं वेगळ्या पातळीवर होईल.

धुराचा प्रश्न आला की सगळे रंगापासून सुरुवात करतात. निळा म्हणजे ऑइल, पांढरा म्हणजे कुलंट, काळा म्हणजे जादा इंधन. हे चूक नाही, पण सकाळच्या तिरप्या उन्हात रंगावर फार विसंबू नका. ऑइलचा तोच धूर मागे काळोखी भिंत असेल तर निळा दिसतो आणि मागे उजळ आकाश असेल तर राखाडी किंवा तपकिरी वाटतो. त्यात थंड हवेतली पाण्याची वाफ मिसळली की निळ्याचा पांढरा होतो. म्हणूनच ‘निळसर-पांढरा’ हे तुमचं वर्णन प्रामाणिक असलं तरी त्यावरून निदान होत नाही. मी रंगाआधी तीन गोष्टी विचारतो: धूर येण्याआधी इंजिन काय करत होतं, धूर किती वेळ टिकला, आणि वास कसला होता.

आधी निरुपद्रवी वाफ बाजूला काढू. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास एक लिटर पाणी तयार होतं. इंजिन गरम असताना ते अदृश्य वाफेच्या रूपात निघून जातं. थंड सायलेन्सरमध्ये मात्र त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, पाइपातून थेंब गळतात आणि मागे पांढरा ढग दिसतो. हा ढग गाडीपासून थोड्या अंतरावर हवेत विरून जातो, त्याला खास वास नसतो, आणि सायलेन्सर तापला की तो बंद होतो. त्या पाण्याबरोबर जमिनीवर काळे ठिपके पडतात, ती सायलेन्सरमध्ये साठलेली काजळी असते. तिला घाबरायचं कारण नाही. ऑइलचा धूर याच्या उलट वागतो. तो हवेत लोंबकळत राहतो, जमिनीलगत पसरतो, आणि त्याला जळक्या तेलाचा उग्र वास असतो.

खात्री करायची सोपी युक्ती म्हणजे पांढरा पुठ्ठा. स्टार्ट मारायच्या वेळी कुणाला तरी सायलेन्सरच्या तोंडापासून हातभर मागे पुठ्ठा धरायला सांगा, अर्धा मिनिट. मग तो सावलीत वाळू द्या. वाळून स्वच्छ झाला तर ते पाणी होतं. तेलकट डाग राहिले आणि पुठ्ठा पारदर्शक झाल्यासारखा दिसला तर ऑइल. कोरडी काळी पूड बसली तर इंधन जास्त जातंय. हे सगळं उघड्यावर करा. बंद गॅरेजमध्ये थंड इंजिन चालू ठेवून मागे वाकून बघणं हा जिवाशी खेळ आहे, कारण थंड इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड भरपूर असतो आणि त्याला वास नसतो. नाक लावून वास घेऊ नका. दोन पावलांवरून येतो तेवढा पुरे.

आता वेळेकडे येऊ, कारण खरी माहिती तिथे आहे. एका सुट्टीच्या दिवशी तीन वेगवेगळ्या परिस्थितींत गाडी तपासा आणि प्रत्येक वेळी मागून मोबाइलवर व्हिडिओ घ्या. पहिली, रात्रभर उभ्या गाडीचा स्टार्ट. दुसरी, गाडी चांगली गरम करून बंद करायची, अर्धा तास थांबायचं आणि पुन्हा स्टार्ट मारायचा. तिसरी, गरम इंजिन दहा मिनिटं नुसतं आयडलला ठेवायचं आणि मग अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबायचा. शक्य असेल तर चौथी: लांब उतारावर गिअरमध्ये, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढून गाडी उतरवायची आणि खाली आल्यावर पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यायचा, मागच्या गाडीत बसलेल्या माणसाने बघायचं. या चार उत्तरांवरून निम्मं निदान होतं.

असं का, ते समजून घ्यायला वॉल्व्ह सील काय करतं ते बघावं लागेल. प्रत्येक वॉल्व्हची दांडी एका गाइडमध्ये वरखाली होते. दांडी आणि गाइड यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी फट ठेवलेली असते, आणि तिला वंगण म्हणून ऑइलचा पातळ थर लागतोच. गाइडच्या डोक्यावर बसवलेलं रबरी सील हा थर मोजून खाली सोडतं. वर कॅमशाफ्टच्या भागात मात्र ऑइलचा भरपूर मारा असतो. पंधरा वर्षं तापून-निवून ते रबर कडक होतं, त्याची कड झिजते, दांडीला घट्ट धरून बसायची त्याची ताकद जाते. इंजिन बंद झालं की हेडवर (इंजिनच्या वॉल्व्ह असलेल्या वरच्या भागावर) साचलेलं ऑइल रात्रभर दांडीवरून थेंब थेंब उतरतं. इनटेक वॉल्व्ह उघडा राहिला असेल तर थेट सिलिंडरमध्ये, बंद असेल तर वॉल्व्हच्या पाठीवर. सकाळी पहिल्या स्फोटांबरोबर तेवढं जळतं, ढग येतो, साठा संपला की धूरही संपतो. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं.

पण सील गेलं असेल तर ते फक्त सकाळीच साक्ष देत नाही. पेट्रोल इंजिन आयडलला असताना थ्रॉटल जवळजवळ बंद असतं आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये जोरदार व्हॅक्यूम असतो, वातावरणाच्या दाबापेक्षा साधारण ०.६ ते ०.७ बार कमी. हा व्हॅक्यूम गाइडमधून ऑइल खाली ओढतो. म्हणून लांब सिग्नलला उभं राहून निघताना, किंवा उतारावरून खाली आल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दिल्या दिल्या एक निळा भपका येतो. तिसऱ्या आणि चौथ्या परिस्थितीत हा भपका दिसला तर सीलवरचा संशय जवळपास पक्का समजा. गरम इंजिन अर्धा तास उभं ठेवून स्टार्ट मारल्यावर धूर आला तरी अर्थ तोच, कारण गरम ऑइल पातळ असतं आणि लवकर झिरपतं. चढावर किंवा पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी ओढताना सतत निळा धूर येत राहिला तर मात्र रोख रिंगांकडे वळतो, कारण तेव्हा मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतोच.

आणखी एक तपासणी फारशी कुणी करत नाही, पण मला ती आवडते. एक रात्र गाडी तोंड उताराकडे करून लावा, दुसऱ्या रात्री तोंड चढाकडे करून. हेडवर साचणारं ऑइल ज्या बाजूला जमा होतं, तिथल्या वॉल्व्हवर ते जास्त झिरपतं. एका दिशेला धूर ठळकपणे वाढला आणि दुसऱ्या दिशेला कमी झाला तर ऑइल वरून उतरतंय, याचा चांगला पुरावा मिळतो. फरक पडला नाही तर काहीच सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. सुबारू किंवा पोर्शेसारख्या आडव्या सिलिंडरच्या बॉक्सर इंजिनवाल्यांनी तर हे आधी बघावं. तिथे पिस्टन आडवे असल्यामुळे थोडं ऑइल सिलिंडरमध्ये पडून राहू शकतं, आणि कधीमधी स्टार्टला येणारा छोटा भपका हा त्या रचनेचा स्वभाव असतो.

आता रिंगांची बाजू. ‘फक्त स्टार्टलाच धूर येतो, म्हणजे रिंगा ठीक आहेत’ असा निष्कर्ष मी अनेकदा ऐकतो, आणि तो घाईचा आहे. कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसवलेला, धूर स्वच्छ करणारा डबा. तो साधारण २५० ते ३०० अंश सेल्सिअसला पोचला की काम सुरू करतो, आणि तापल्यावर थोडंफार जळकं ऑइल तो गिळून टाकतो. म्हणजे इंजिन दिवसभर थोडं थोडं ऑइल खात असेल, तरी धूर दिसेल तो फक्त कन्व्हर्टर थंड असताना. दिवसभर धूर दिसत नाही, यावरून दिवसभर ऑइल जळत नाही असं ठरत नाही. ते ठरतं डिपस्टिकवर, म्हणजे ऑइलची पातळी बघायच्या पट्टीवर.

म्हणून माझी पहिली अट ऑइलच्या मोजमापाची असते. गाडी सपाट जागी, दर वेळी त्याच जागी उभी करा. इंजिन बंद केल्यावर दर वेळी तेवढाच वेळ थांबा. वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा, किलोमीटर लिहून ठेवा आणि हजार किलोमीटरनंतर पुन्हा बघा. बहुतेक गाड्यांत डिपस्टिकच्या वरच्या आणि खालच्या खुणेत सुमारे एक लिटरचं अंतर असतं. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. कित्येक कंपन्या हजार किलोमीटरला एक लिटरपर्यंतचा खप ‘मर्यादेत’ धरतात. माझ्या मते ही मर्यादा कंपनीच्या सोयीची आहे, गाडीच्या नाही. नुसती सीलं गळत असतील आणि तुम्हाला फक्त सकाळचा भपका दिसत असेल, तर खप सहसा बराच कमी असतो. हजार किलोमीटरला अर्धा-पाऊण लिटर जात असेल आणि खाली कुठे गळती नसेल, तर सकाळच्या त्या एका भपक्यात एवढं ऑइल मावत नाही. उरलेलं दुसरीकडून जातंय. मोजायच्या आधी एवढं बघा की ऑइल वरच्या खुणेच्या वर तर नाही ना. शेवटच्या सर्व्हिसला कुणी हात सैल सोडून जास्त ओतलं असेल तर निव्वळ त्यानेही धूर येऊ शकतो.

रिंगांचं निदान करायला मेकॅनिक कॉम्प्रेशन टेस्ट करेल, आणि ती करावीच: इंजिन गरम, सगळे प्लग बाहेर, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडं, बॅटरी चांगली चार्ज. पेट्रोल इंजिनमध्ये साधारण १० ते १४ बार मिळतात. पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. तो १० ते १५ टक्क्यांच्या पुढे गेला तर काहीतरी आहे. कमी निघालेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. आकडा चढला तर रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत), तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट (हेडच्या खालचं पॅकिंग). इथे एक मोठी फट आहे, ती मेकॅनिकलोक बऱ्याचदा सांगत नाहीत. कॉम्प्रेशन धरतात त्या वरच्या दोन रिंगा. ऑइल खरवडून खाली नेते ती तिसरी, ऑइल रिंग. ती कार्बनने आपल्या खाचेत जाम झाली, तिच्यामागची भोकं बुजली, तर कॉम्प्रेशन सुंदर येईल आणि गाडी तरीही ऑइल पीत राहील. जास्त किलोमीटर झालेल्या, ऑइल उशिरा उशिरा बदललेल्या इंजिनांत हे सर्रास होतं. त्यामुळे ‘कॉम्प्रेशन चांगलं आहे, म्हणजे सीलंच’ हे वाक्यही सरळ स्वीकारू नका.

ऑइल रिंग ओळखायला प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून पिस्टनचं डोकं बघायचं. सगळीकडे काळा कार्बन आणि कडेने मात्र धुतल्यासारखं स्वच्छ कडं, असं दिसलं तर ऑइल बोअरकडून वर येतंय. इनटेक वॉल्व्हच्या पाठीवर ओला, जाड थर दिसला तर ते वरून उतरतंय. (डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात वॉल्व्हवर तसाही कार्बन साठतो, कारण तिथे पेट्रोलने वॉल्व्ह धुतले जात नाहीत. तेवढी सवलत त्यांना द्या.) प्लगही बोलतात. ओला, चकचकीत काळा प्लग म्हणजे ऑइल. कोरडा, मंद काळा म्हणजे जादा इंधन. आणि बाकीचे मळलेले असताना एकच प्लग विचित्रपणे स्वच्छ, तर कुलंट. प्लग काढताना कुठला कुठल्या सिलिंडरचा हे लिहून ठेवा, नाहीतर सगळी साक्ष वाया जाते.

सीलं आणि रिंगा यांच्या भांडणात बिचाऱ्या पीसीव्ही वॉल्व्हकडे कुणाचं लक्ष जात नाही. क्रँककेसमध्ये, म्हणजे पिस्टनच्या खालच्या इंजिनच्या पोटात, रिंगांपासून निसटलेला वायू साचतो. तो या वॉल्व्हमधून इनटेकमध्ये जळायला पाठवतात. वॉल्व्ह उघडा अडकला तर वायूबरोबर ऑइलचा फवाराही ओढला जातो, मॅनिफोल्डच्या तळाशी साठतो आणि स्टार्टला जळतो. तो बुजला तर क्रँककेसमध्ये दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडू बघतं. इंजिन आयडलला असताना ऑइल फिलरचं झाकण सैल करून बघा. हलकीशी ओढ जाणवली तर ठीक. झाकण जोरात चिकटून बसलं, शिट्टीसारखा आवाज आला, तर पीसीव्हीचा रबरी पडदा फाटला असावा. उलट आतून भपाभप वारा मारत असेल तर पीसीव्ही बुजलाय किंवा रिंगांतून खरोखर बराच वायू खाली येतोय. पीसीव्हीचा पाइप काढून आत बोट फिरवा. तेलाचा पातळ थर चालतो, ओघळ चालत नाही. हा भाग स्वस्त असतो आणि बऱ्याच गाड्यांत पटकन बदलता येतो. बाकी काही उघडण्याआधी तो बदलून आठवडाभर निकाल बघण्यात शहाणपण आहे.

आता ज्या शक्यतेने मला खरी काळजी वाटते ती: कुलंट. गरम गाडी बंद केल्यावर कूलिंग सिस्टिममध्ये बराच वेळ दाब असतो, झाकणाच्या क्षमतेनुसार साधारण एक बार. हेड गॅस्केटला किंवा हेडला बारीक चीर असेल तर हा दाब कुलंटला सिलिंडरमध्ये ढकलतो. सकाळी स्टार्ट मारल्यावर इंजिन काही सेकंद एका सिलिंडरवर मिसिंग मारतं, थरथरतं, दाट पांढरा धूर येतो, त्याला गोडसर वास असतो, आणि मग सगळं सुरळीत होतं. दिवसभर तापमानाचा काटाही जागेवर असू शकतो. अशा गाडीचा मालक बऱ्याचदा महिनोन्‌महिने ‘सकाळची जरा सवय आहे तिला’ म्हणत राहतो. रोज सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, कुलंटच्या टाकीतली पातळी बघा आणि टाकीवर मार्करने खूण करा. गळती कुठेच दिसत नाही आणि पातळी उतरतेय, तर पुढची तपासणी लांबवू नका. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे सांगायला नकोच.

ही तपासणी अशी: संध्याकाळी हातपंपाने कूलिंग सिस्टिमला झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत दाब द्यायचा, तसाच ठेवायचा आणि सकाळी प्लग काढून बोअरस्कोपने प्रत्येक पिस्टनवर ओल आहे का ते बघायचं. दुसरा मार्ग, रेडिएटरच्या तोंडाशी रासायनिक द्रव लावून जळलेला वायू कुलंटमध्ये येतोय का ते बघायचं. निळा द्रव पिवळा झाला तर येतोय. मात्र खूप बारीक चीर असेल तर ही टेस्ट साफ निघू शकते, म्हणून मला रात्रभराच्या दाबावर जास्त भरवसा वाटतो. ऑइल फिलरच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला म्हणून लगेच हेड उतरवायला देऊ नका. जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत इंजिन पुरतं तापत नाही आणि नुसत्या बाष्पानेही तो थर येतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ असेल तर गोष्ट वेगळी. आणि सेल्फ मारताना इंजिन मधेच अडकल्यासारखं ‘ठक्’ करून थांबलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी भरलं असेल तर ते दाबलं जात नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढल्याशिवाय ते इंजिन फिरवायचं नाही.

काळ्या धुराचं प्रकरण त्या मानाने सोपं आहे. थंड इंजिनला ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मुद्दाम जास्त पेट्रोल देतो, त्यामुळे पहिल्या क्षणी थोडी काजळी चालते. धूर ठळक काळा असेल, पेट्रोलचा वास येत असेल आणि स्टार्टला जास्त वेळ लागत असेल, तर गळका इंजेक्टर आणि कुलंटचा टेंपरेचर सेन्सर हे दोन पहिले संशयित. सेन्सरचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर मोजता येतो. बहुतेकांचा २० अंशांना अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ८० अंशांना तीनशेच्या जवळपास असतो. स्कॅनर असेल तर त्याहून सोपं: रात्रभर उभ्या गाडीत कुलंटचं आणि इनटेक हवेचं तापमान जवळपास सारखं दिसायला हवं. इंजेक्टर गळत असेल तर ऑइललाही पेट्रोलचा वास येतो आणि डिपस्टिकवरची पातळी घटण्याऐवजी वाढते. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत अडकलेला चोक आणि फ्लोटची गळकी सुई बघायची.

डिझेलवाल्यांसाठी दोन शब्द, कारण वरचे नियम त्यांना जसेच्या तसे लागू नाहीत. डिझेलमध्ये सकाळी पांढरा-राखाडी, डोळ्यांना झोंबणारा धूर हा बहुतेक वेळा न जळलेलं डिझेल असतं, कुलंट नव्हे. ग्लो प्लग (स्टार्टच्या वेळी थंड सिलिंडर तापवणारे प्लग) आधी तपासा. चांगल्या ग्लो प्लगचा रेझिस्टन्स एक ओहमच्या आसपास असतो, जळलेल्याचा अनंत. एकच गेला असेल तर इंजिन पहिलं मिनिटभर एका सिलिंडरवर खडखडत, धूर काढत चालतं आणि मग सुधारतं. ग्लो प्लग ठीक असतील तर थेंब सोडणारे इंजेक्टर, इंधनात शिरलेली हवा आणि शेवटी कमी कॉम्प्रेशन. साध्या डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा मॅनिफोल्ड व्हॅक्यूम नसतो, त्यामुळे आयडलनंतरचा भपका ही वॉल्व्ह सीलची खूण तिथे तितकी विश्वासाची नाही. कुलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटच्या आधी ईजीआर कूलर (इंजिनात परत पाठवायचा जळका वायू कुलंटने थंड करणारा भाग) बघा. टर्बो असेल, पेट्रोल असो वा डिझेल, तर इंटरकूलरच्या पाइपात ऑइल किती साठलंय ते बघा. टर्बोतून ऑइल परत नेणारा पाइप चोंदला असेल तर टर्बो चांगला असूनही ऑइल गळतो, आणि नवा बसवला तरी गळतच राहतो.

एक-दोन आडवाटेची कारणंही सांगून ठेवतो. ब्रेकचा मास्टर सिलिंडर मागच्या बाजूने गळत असेल तर ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये साठतं आणि तिथून इंजिनचा व्हॅक्यूम ते ओढून घेतो. मग दाट पांढरा धूर येतो आणि कुलंट मात्र जागेवर असतं. ब्रेक ऑइलची पातळी उतरतेय आणि चाकांपाशी गळती नाही, असं असेल तर बूस्टरचा व्हॅक्यूम पाइप काढून आत ओल आहे का बघा. इथे धूर हा दुय्यम, ब्रेक आधी. व्हॅक्यूम मॉड्युलेटर असलेल्या जुन्या ऑटोमॅटिक गाड्यांत त्याचा पडदा फाटला की गिअरबॉक्सचं ऑइल याच वाटेने जळतं.

पुन्हा तुमच्या गाडीकडे. पीसीव्ही बदलला, कुलंट जागेवर आहे, आयडलनंतर भपका येतो, खप हजार किलोमीटरला पाव लिटरच्या आत आहे, असं निघालं तर सीलं गळताहेत असं धरा. आणि मग घाई करू नका. एवढ्यावर गाडी वर्षानुवर्षं चालते, फक्त ऑइल बघत राहायची शिस्त हवी. तोटा एवढाच की ऑइलमधलं जस्त आणि फॉस्फरस कन्व्हर्टरवर हळूहळू बसतं आणि प्लग लवकर मळतात. खप वाढत चालला, प्लग वारंवार ओले होऊ लागले किंवा धुराच्या तपासणीत गाडी अडकू लागली, की सीलं बदला.

जाड ऑइलबद्दल: एक पायरी वर जाणं, तेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या श्रेणींच्या आत, ठीक आहे. त्यापलीकडे गेलात तर थंड स्टार्टला हेडवर ऑइल उशिरा पोचतं, आणि नेमकी तीच वेळ कॅमशाफ्टला सगळ्यात जड असते. जास्त किलोमीटरच्या गाड्यांसाठी म्हणून मिळणाऱ्या ऑइलमध्ये रबर थोडं मऊ करणारे घटक असतात. कडक झालेल्या सीलला त्याने काही दिवस बरं वाटू शकतं, फाटलेल्याला नाही. ऑइल रिंग जाम असेल तर चांगलं ऑइल आणि ते निम्म्या अंतराने बदलणं, हा सावकाश पण सुरक्षित उपाय आहे. सिलिंडरमध्ये सॉल्व्हंट ओतून रात्रभर भिजवण्याचा प्रकार कधी लागू पडतो. पण केलाच तर प्लग काढून, भोकांवर फडकं टाकून सगळा द्रव बाहेर फेकल्याशिवाय स्टार्ट मारायचा नाही, आणि ऑइल लगेच बदलायचं.

सीलं बदलायला पुष्कळ इंजिनांत हेड उतरवावं लागत नाही, हे मेकॅनिकला मुद्दाम विचारा. पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरली की वॉल्व्ह वर दाबलेले राहतात. स्प्रिंग काढायची, सील बदलायचं, स्प्रिंग परत. हवेच्या दाबाने इंजिन फिरू शकतं, म्हणून क्रँक अडवून ठेवावा लागतो. हवा नसेल तर त्याच भोकातून दोरी आत सोडून पिस्टनने ती वॉल्व्हवर दाबून धरतात. जुनी पद्धत आहे, पण चांगली आहे. स्प्रिंग काढलेली असतानाच वॉल्व्हची दांडी बोटाने आडवी हलवून बघायला सांगा. जाणवण्याइतकी खेळत असेल तर गाइड झिजलेत, आणि झिजलेल्या गाइडवर नवं सील फार टिकत नाही. तेव्हा मात्र हेड उतरवून गाइडचं काम करणंच बरं. सीलं पूर्ण सेटच बदलायची, इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही. काही इंजिनांत दोन्हींचे आकार किंवा रंग वेगळे असतात, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

काम झाल्यावर पहिले काही दिवस धूर दिसला तर लगेच भांडायला जाऊ नका. सायलेन्सरमध्ये आणि कन्व्हर्टरमध्ये आधीचं ऑइल साठलेलं असतं, ते जळून जायला गाडी हायवेवर चांगली तापवून चालवावी लागते. त्यानंतर ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा आणि हजार किलोमीटरचं मोजमाप पुन्हा एकदा करा. आधीचा आकडा शेजारी ठेवून मगच मेकॅनिकशी काय ते बोला.